पूजलेला काटा

मी काटा बोलतोय. घड्याळातला समजून वेळ विचारू नका. साखर कारखान्याचे चेअरमन हंबीरराव यांच्या छोट्या विमानात मी बसवलेला होतो. खाली विमानतळावरून रेडिओचा इशारा यायचा, त्या दिशेला तोंड करायचं, एवढंच माझं काम. ढगात काही दिसेनासं झालं की वैमानिकाची सगळी भिस्त माझ्यावर. आणि तेवढं एक काम मला धड जमलं नाही, हे सांगताना आजही मान खाली जाते.

माझा जन्म परदेशातला. दोन मालक करून विमान कोल्हापुरात आलं ते नव्वदच्या दशकात. तोवर मी म्हातारा झालो होतो. उतरता उतरता मध्येच अडकायचो. वैमानिक अमरसिंह मोठा समजूतदार. माझ्या काचेवर बोटानं टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "उठा पावणं, कोल्हापूर आलं!" मी दचकून जागेवर यायचो. हा काटा बदलू या, असं तो साहेबांना सारखं सांगायचा. "दसरा झाल्यावर बघू की," हे साहेबांचं दरवर्षीचं उत्तर.

खंडेनवमीला आमच्याकडे ट्रॅक्टरपासून पान्ह्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी धक्का लावत नाहीत. त्या वर्षी हंबीररावांनी स्वतः माझ्या काचेला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचा हार घातला. मी फुशारून गेलो. पूजा आटोपून साहेब त्याच विमानानं पुण्याला मीटिंगला गेले. विमान उडवलेलं चाललं बघा!

परतताना ढग दाटले. विमान खाली येऊ लागलं आणि मी अडकलो. इशारा उजवीकडून येत होता, विमान डोंगराकडे सरकत होतं, आणि मी आपला नाकासमोर बोट दाखवत बसलेलो. अमरसिंहला शंका आली. त्यानं टिचकीसाठी बोट उचललं, तोच शेजारी बसलेल्या हंबीररावांनी त्याचा हात धरला.

"आज न्हाय! पूजा झालीया त्याची."

"साहेब, अडकलाय त्यो."

"देवाला टिचक्या मारतोस व्हय रं? त्यो दावतोय तिकडं चल की!"

ढग फाटला आणि समोर डोंगराचा हिरवा उतार! अमरसिंहनं विमान असं वर खेचलं, की माझ्या हारातली फुलं साहेबांच्या मांडीवर सांडली. मग ढगाखालून, उसाची रानं आणि रस्ता बघत बघत त्यानं विमान आणून टेकवलं. ते धावपट्टी सोडून गवतात घुसलं, एक चाक वाकलं. माणसं मात्र वाचली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला साहेब विमानापाशी नेऊन सांगत होते, "पोराचा हात ऐन टायमाला डळमळला. ह्या काट्यानं तारलं आमास्नी!" अमरसिंह हातात आपट्याची पानं धरून उभा होता. विमान शिकायला त्याला साहेबांनीच पाठवलेलं, तो काय बोलणार? पुढं चौकशी झाली. मला टेबलावर तपासलं, तर मेला मी शहाण्यासारखा फिरलो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

ठपका अमरसिंहवर बसला, त्याला पुन्हा कुणी विमान दिलं नाही. आता तो राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. मी मात्र साहेबांच्या ऑफिसात, देवांच्या शेजारी.

गेल्या खंडेनवमीला कुंकू लावताना साहेबांची अंगठी माझ्या काचेवर आपटली. टक्! इतक्या वर्षांनी टिचकी. तिथंही मी अडकूनच बसलो होतो; होतं नव्हतं ते बळ एकवटून हललो. साहेब थबकले. त्यांनी हळूच बोटानं आणखी एक टिचकी मारली. मी पुन्हा हललो. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बाहेर माणसं प्रसादाला थांबली होती. साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि हार ओढून मला पुरता झाकून टाकला.

तेव्हापासून मी त्या झेंडूखाली आहे. फुलं वाळून गेली, तरी ती कुणी काढत नाही. तुम्ही कधी त्या ऑफिसात गेलात, तर कृपा करून मला हात जोडू नका. हार बाजूला करा, चारचौघांसमोर एक टिचकी मारा, आणि मी हललो की अमरसिंहचं नाव मोठ्यानं घ्या.