होकाराच्या संध्याकाळी

गिऱ्हाईकाने होकार दिला की त्याच संध्याकाळी पहिली फळी कापायची, ही सुतारमिस्त्रींची वडिलांपासूनची रीत होती. सही मागणे त्यांना समोरच्याच्या तोंडावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटे. भाड्याचा कारखाना टिकण्याची सारी भिस्त आता एकाच कामावर होती. एका वृद्ध बाईंच्या घरातल्या तिरक्या भिंतीच्या मापाने कपाटे अर्धी झाली होती. ती कपाटे दुसऱ्या कुठल्याच घरात बसणार नव्हती. तेवढ्यात बाई दारात आल्या.

"मिस्त्री, रागावू नका. मुलगा मला कायमचा त्याच्याकडे नेतोय. काम रद्द करायचा हक्क आहे म्हणे मला."

हक्क होताच, कारण कागदावर काहीच नव्हते. मापाबरहुकूम केलेले काम रद्द होणार नाही, हे आधी लेखी द्यावे लागते, असे कायदा जाणणाऱ्या मेहुण्याने नंतर सांगितले.

"मग लिहून का नाही दिलंत?" बायकोने विचारले.

"अगं, म्हातारी मायेने चहा देत होती. तिच्यापुढे कागद सरकवू?"

"नका सरकवू. आता मालकापुढे किल्ली सरकवा."

बायको डोळे पुसत अवजारे पोत्यात भरू लागली, तेव्हा मिस्त्रींनी तिला थांबवले नाही. खाली बसून पोत्याचे तोंड तेवढे उघडे धरले.