पाण्याचा निळा

ओळखीचं दुकान आहे, असं केयूर म्हणाला तेव्हाच मला त्या दुकानाबद्दल शंका आली. ओळखीच्या दुकानात वस्तू चार पैसे महाग मिळते आणि वर तक्रार करता येत नाही, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"ताई, तू प्लीज फार डोकं लावू नकोस," केयूर फोनवर म्हणाला. हा माझा मावसभाऊ हिंजवडीला नोकरी करतो आणि घरात पिन लावून चालणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल त्याला मत असतं. "सोळा जीबी रॅम बघ आणि घेऊन टाक. बाकी सगळं मार्केटिंग असतं."

"आणि स्क्रीन?"

"स्क्रीन काय, स्क्रीनच असते गं."

"तुझी असेल."

मला मुळात स्क्रीनच हवी होती, तिच्यामागे लॅपटॉप असावा लागतो म्हणून तो घ्यायचा.

आई मार्चमध्ये गेली. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी ती जन्मभर चित्रं काढत आली, जलरंगांत. शेवटचं पुस्तक अर्धवट राहिलं. खडकवासल्याच्या धरणातलं पाणी शहरातल्या एका मुलीच्या बादलीपर्यंत कसं येतं, एवढीच त्याची गोष्ट. सोळा चित्रांपैकी अकरा रंगवून झाली होती आणि पाचांची पेन्सिलीतली रेखाटनं तयार होती. गोष्टीत शब्द फारसे नव्हतेच. धरणात, कालव्यात, टाकीत, नळाखाली, प्रत्येक पानावर मुलांनी ते पाणी ओळखायचं होतं, आणि ते ओळखता यावं म्हणून त्याचा निळा सगळीकडे एकच असायला हवा होता. तो आईनं स्वतः मिसळून केलेला होता. कशात काय मिसळलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

मीही चित्रं काढते, पण संगणकावर आणि पाठ्यपुस्तकांसाठी. हृदयाचे कप्पे, ज्वालामुखीचा छेद वगैरे. उरलेली पाच चित्रं मी पूर्ण करीन, असं मी प्रकाशनाच्या राजनंदिनीला सांगितलं, तेव्हा ती आमच्या दिवाणखान्यात बसून चहाच्या कपाकडे बघत राहिली. ती बालविभागाची संपादक आहे आणि आईशी तिचं चांगलं जमायचं.

"तुम्ही करणार असाल तर प्रश्नच नाही, शेफालीताई," ती म्हणाली. "पण आमच्या साहेबांच्या मनात दुसरंही आहे. वाघोलीला एक स्टुडिओ आहे. अकरा चित्रं दिली की उरलेली पाच ते एआयकडून तशीच्या तशी करून घेतात. फरक कळत नाही म्हणे."

"कुणाला कळत नाही?"

यावर तिनं चहा संपवला. श्रावण संपायच्या आत दोन पानं नमुना म्हणून द्यायची, जुळली तर पुस्तक माझं, नाहीतर वाघोलीचं, असं ठरलं. ती गेल्यावर मी अकराही चित्रं कपाटात ठेवून कुलूप लावलं. प्रकाशनाकडे त्यांची स्कॅन आधीच गेलेली होती, तेव्हा कुलपाचा तसा उपयोग नव्हता.

माझा जुना लॅपटॉप या कामाचा राहिला नव्हता. पडद्यावर चहा सांडून वाळल्यासारखा पिवळेपणा आला होता, आणि त्यात सगळे निळे एकसारखेच दिसत. म्हणून नवा घ्यायचा, सत्तर हजारांच्या आत.

त्यासाठी मी आठवडाभर वाचन केलं. भरभरून स्तुती करणाऱ्या प्रत्येक लेखाखाली खरेदीचं बटण होतं. सेलमध्ये ज्या किमतीवर काट मारलेली असायची, ती किंमत आदल्या आठवड्यात कुठेच नव्हती. जुनं यंत्र पुसून, नवं स्टिकर लावून विकतात, असं दोघातिघांनी लिहिलं होतं, आणि त्यांचाही हेतू मला शुद्ध वाटला नाही. कामाची गोष्ट एकच कळली. स्वस्त पडद्यांत काही रंग नसतातच. जे नाही ते दिसत नाही, आणि जे आहे ते मात्र अगदी ठासून दाखवलं जातं. असे लोक माझ्या ओळखीचे होते, त्यामुळे मुद्दा लगेच पटला.

शेवटी केयूरच्या ओळखीच्याच दुकानात गेले. टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीत, खाडिलकर नावाच्या गृहस्थांचं. चष्मा कपाळावर, गळ्यात मोबाइल.

"याचं पॅनेल कुठलं आहे?" मी पहिल्याच लॅपटॉपपाशी विचारलं.

"काचेचं."

मी सेटिंग उघडून पाहिलं. रंग मुद्दाम भडक करून ठेवलेले होते. "हे तुम्ही केलंय?"

"कंपनीनं केलंय. आम्ही फक्त धूळ पुसतो."

मी पिशवीतून धरणाचं चित्र काढलं. पुस्तकातलं पहिलं पान ते. खाडिलकरांनी चष्मा खाली घेतला.

"हे काय?"

"धरण."

"ते कळलं हो. इथे कशाला आणलंय?"

"जुळवायला."

दुसरा लॅपटॉप राखाडी, जाड आणि दिसायला अगदी गरीब होता, पण त्याच्या पडद्यावर चकाकी नव्हती. मला तो दाराशी उजेडात नेऊन बघायचा होता.

"फुटपाथवर न्या हवं तर," खाडिलकर म्हणाले. "हेल्मेट देऊ का?"

पण त्यांनी स्वतःच स्टूल दाराशी सरकवून दिलं. कागद पडद्याला टेकवून मी पडद्यावर काढलेल्या एका चौकोनात रंग भरत गेले. थोडा हिरवा कमी, थोडा करडा जास्त. बाकीची गिऱ्हाइकं माउस, चार्जर घेऊन माझ्याकडे बघत बाहेर पडली. एका क्षणी कागद कुठे संपतो आणि पडदा कुठे सुरू होतो ते कळेना. आईचा निळा काचेवर आला होता. मी तो चौकोन पेनड्राइव्हवर घेतला.

"बिल करू?"

"उद्या सांगते."

"अहो, उद्यापण हाच रंग असेल."

मी लॅपटॉप उलटा करून त्याच्या नंबराचा फोटो काढला, तेव्हा ते नुसते बघत राहिले. न घेण्यासारखं काहीच निघालं नव्हतं आणि तेच मला खुपत होतं. फेब्रुवारीत आईचेही सगळे रिपोर्ट चांगले आले होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, पण या वेळी शेवटच्या पानावरचं चित्र घेऊन. एकाच कागदावर परीक्षा घेणं बरोबर नाही, असा माझा विचार. या चित्रात नळ होता, बादली होती आणि ती मुलगी. मी कालचा चौकोन उघडला आणि चित्र शेजारी धरलं.

जुळत नव्हतं. थोडंथोडकं नाही, चक्क वेगळं होतं. कागदावरचा निळा करकरीत, त्याच्यापुढे पडद्यावरचा धुऊन विटलेला.

"हा कालचा पीस नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"दाखवायचा एक ठेवलाय आणि द्यायचा दुसरा."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. खाडिलकरांनी आवाज न चढवता लॅपटॉप बंद केला, उलटा केला आणि माझ्यापुढे ठेवला.

"काल फोटो काढून नेलात ना? जुळवा."

मी जुळवला. नंबर तोच होता.

"आता कागदाचा नंबर जुळवा."

"कागदाला नंबर नसतो."

"मग आमच्या मशिनवर आळ घेऊ नका."

मी घरी आले. जिना चढताना मला त्यांचा राग येत होता आणि कशाचा ते सांगता येत नव्हतं. कपाट उघडून सगळी चित्रं काढली, त्यांच्यावरचे बटरपेपर बाजूला केले आणि पलंगावर खिडकीच्या उजेडात मांडली. पुस्तकाच्या क्रमानं लावली तर काही उमगेना. एका पानावर निळा मऊ, पुढच्यावर कडक, पुन्हा मऊ. मग आठवलं की आई पानांच्या क्रमानं कधीच काम करायची नाही, मनात येईल ते चित्र आधी घ्यायची. मागे पेन्सिलीनं तारखा असायच्या. त्यांच्या क्रमानं मी चित्रं पुन्हा लावली.

तेव्हा ते सरळ दिसलं. धरण सर्वांत आधीचं. तिथून पुढे प्रत्येक चित्रात निळा थोडा थोडा चढत गेलेला आणि पिवळा उतरत गेलेला. मुलीचा फ्रॉक सुरुवातीच्या चित्रांत सोनचाफ्यासारखा होता, नळाच्या चित्रात जवळजवळ पांढरा. हे एकदम झालं नव्हतं. वर्षभर, चित्रागणिक, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं हळूहळू झालं होतं, आणि माझ्या पिवळ्या पडद्यावर तर ते दिसणं शक्यच नव्हतं.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे घरात सर्वांना माहीत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, तेव्हा तिनं त्यांना विचारलं, की नंतर रंग वेगळे दिसतील का? दिसतील, ते म्हणाले, निळा तर एकदम लख्ख दिसेल, पेशंट खूश होतात. आई खूश झाली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "पुस्तक होईपर्यंत नको. अर्धं पाणी जुन्या डोळ्यांनी आणि अर्धं नव्या डोळ्यांनी, असं कसं काढणार?" मला ती टाळाटाळ वाटली होती. ऑपरेशनची भीती सगळेच असल्या कारणांनी झाकतात.

ती खरंच तेवढ्यासाठी थांबली होती. पाण्याचा रंग बदलू नये म्हणून तिनं डोळे बदलले नाहीत, आणि डोळे आतून पिवळे होत गेले. पिवळ्यातून निळा पहिल्यासारखा दिसावा म्हणून तिला तो जास्त जास्त घालावा लागला. तिच्या लेखी सगळ्या चित्रांत एकच पाणी होतं.

राजनंदिनीचा फोन आला तेव्हा मी अजून पलंगाशीच उभी होते.

"काय म्हणतंय काम? साहेब विचारत होते."

"सुरू आहे."

"एक सांगू का? स्कॅनमध्ये निळे मागेपुढे दिसताहेत. आमच्या छपाईच्या प्रोसेसवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, एका क्लिकमध्ये सगळे सारखे करून देतो. वाघोलीवालेही तेच म्हणाले."

"तुम्ही त्यांना चित्रं दाखवलीत?"

"नुसती विचारणा केली हो, शेफालीताई."

"चित्रांना कुणी हात लावायचा नाही. श्रावण संपलेला नाही अजून."

फोन ठेवल्यावर मला माझंच वाक्य ऐकू येत राहिलं. हात लावायचा नाही म्हणजे काय? आईच्या हातून उतरलं ते जसंच्या तसं छापायचं, तर एका गोष्टीत चार प्रकारचं पाणी येणार, आणि मुलं नळाखालचं पाणी ओळखणार नाहीत. तिला हवं होतं तसं छापायचं, तर तिच्या हातचं बदलायला हवं. ते मला कुणाच्या एका क्लिकवर सोडायचं नव्हतं. इतके दिवस मी ही चित्रं ज्यांच्यापासून राखत होते, त्यांच्यात आता मीही आले होते.

मी पुन्हा दुकानात गेले, तेव्हा खाडिलकरांनी मला बघून चष्मा कपाळावर सरकवला.

"तोच पीस आहे. आदलाबदल करायला वेळ मिळाला नाही."

"तोच द्या."

"कागद जुळला?"

"नाही. तुमची स्क्रीन बरोबर होती."

"ती कंपनीची आहे," ते म्हणाले आणि बिल करायला बसले. खोक्याचं सील त्यांनी माझ्यासमोर दोनदा दाखवलं. मी दोन्ही वेळा नीट पाहिलं.

नळाच्या चित्रापासून सुरुवात केली. ते नव्यानं स्कॅन करून आणलं आणि पाण्याचा निळा धरणाच्या चित्रातल्या निळ्यापर्यंत उतरवला. उतरवताच बादली चुकीची दिसायला लागली. आईनं बादलीचा लाल त्या कडक निळ्याच्या शेजारी ठेवून ठरवला असणार. तो कमी केला तेव्हा भिंत उघडी पडली. भिंतीनंतर मुलीचे हात, हातांनंतर फ्रॉक. एका क्लिकचं काम नव्हतं ते. प्रत्येक रंगापाशी थांबून मला विचारावं लागत होतं, की इथे तिला काय दिसत होतं? आणि हाताला लागलेलं उत्तर खरं की माझ्या सोयीचं, याची खात्री करून देणारं कुणी नव्हतं. काही ठिकाणी मी बदललेलं पुन्हा पहिल्यासारखं केलं. बादलीच्या कडेला ब्रश घसरून एक ओघळ उतरला होता, तो तसाच ठेवला. दुपार उलटली तेव्हा मुलगी सोनचाफ्याच्या रंगाच्या फ्रॉकमध्ये नळाखाली हात धरून उभी होती.

मग आईच्या रेखाटनावरून टाकीचं पान पूर्ण केलं आणि दोन्ही पानं पाठवून दिली.

राजनंदिनीनं दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला.

"टाकीचं पान बघितलं. झाड जरा कडक आलंय, पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखं. पण पाणी अगदी त्यांचंच आहे. साहेबही हो म्हणाले. पाचही तुम्हीच करा."

"वाघोली?"

"वाघोली राहू दे हो आता. पण मला एक सांगा, नळाचं चित्र तुम्ही पुन्हा स्कॅन करून आणलंत का? आमच्याकडचं इतकं भगभगीत होतं की मी स्कॅनवाल्याला चार शब्द सुनावले. मूळ चित्र इतकं सुंदर आहे, हे माहीतच नव्हतं मला."

तिच्या आवाजात काही खोच आहे का, ते मी कान देऊन ऐकलं. मला ती सापडली नाही. डोळ्यांचं तिला सांगावं असं एकदा वाटलं. मग ते साहेबांना कळलं असतं, साहेबांकडून प्रस्तावनेत गेलं असतं, आणि आईनं जे वर्षभर घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही, ते दुसरी-तिसरीतली मुलं वाचत बसली असती.

"बाकीचीही पुन्हा स्कॅन करून देते," मी म्हणाले. "जुनी तुमच्याकडची काढून टाका."

"सगळी? एवढं कशाला करताय तुम्ही?"

"नवा लॅपटॉप घेतलाय," मी म्हणाले. "त्याचे पैसे वसूल करायचेत."