हातभर जागा

बनाबाईनं अंगठा पुन्हा काचेवर दाबला. यंत्र ढिम्म. तिनं अंगठा लुगड्याला पुसला, त्यावर फुंकर मारली आणि परत दाबला. काचेवरचा नकाशा जागचा हलला नाही.

"रेशनच्या मशीनवानीच हाय हे बी," ती म्हणाली. "माझा अंगठा कोनीच घेऊन न्हाई राहिलं."

काउंटरपलीकडं कुलदीप हसला. हिंगोलीत एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत त्याचं शेतमोजणीच्या सामानाचं दुकान. भिंतीला तिपाया टेकलेल्या, कोपऱ्यात लाल-पांढऱ्या काठ्यांचा भारा, खुंटीवर फितींची भेंडोळी. त्याच्या बापाच्या, तांड्यावरच्या भीमसिंगच्या रानात बनाबाईच्या मेंढ्या कैक वर्षं खतासाठी बसल्या होत्या. म्हणून ती नातीला घेऊन थेट त्याच्याकडंच आली होती.

"माय, आयुष्यभर काम करून अंगठा झिजलाय तुमचा. हे राहू द्या, बटणाचं दाखवतो."

"आज्जी, हे समदं फोनमधी बी होतं," शिवकन्या म्हणाली. ती हिंगोलीच्या कॉलेजात शिकत होती. "मी दहादा सांगून राहिले तुला."

"तुह्या बापाचा फोन हिरीत पडला तवा काय झालं? माझ्या मायचा एकच फोटू व्हता जगात. गेला ना त्याच्यासंगं? मला फोनमधलं काई नको."

कुलदीपनं करड्या रंगाचं एक दणकट यंत्र पुढं ठेवलं. मुठीत मावेल एवढं. वर लहान काच, खाली पाच बटणं. "जुनं हाय, पण पक्कं हाय. डोंगर चढणारी शहरातली पोरं वापरतात. पाण्यात पडलं तरी बिघडत नाही. दोन सेल टाकले की दिवसभर चालतं. रेंज लागत नाही याला. वर आभाळात उपग्रह फिरतात, त्यांना विचारून हे ठिकाण काढतं."

"डोंगर चढाया मशीन लागती व्हय त्याहिला?"

"वाट चुकतात, माय."

"वाट ठावं न्हाई तर कशाला जात्यात?" बनाबाईनं यंत्र हातात घेतलं, वजन केल्यासारखं खालीवर केलं. बटणं तिच्या अंगठ्याखाली नीट दबत होती. "हे बरं हाय. आता ईचार याला, डोंगरकडा गावाच्या वरल्या रानात माझं लेकरू कुठं हाय."

कुलदीपनं शिवकन्येकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

दुष्काळाच्या सालची गोष्ट. मेंढ्या घेऊन निघालेल्या वाटेवरच पालात बनाबाईचं पहिलं लेकरू जन्मलं आणि अठराव्या दिवशी तापानं गेलं. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आणि ठेवायला बाप एकटा जातो, बाईनं मागं जायचं नसतं. तिच्या नवऱ्यानं, सटवाजीनं, लेकरू घोंगडीत घेतलं आणि तो टेकाडापल्याड गेला. बनाबाई पालाच्या तोंडाशी बसून राहिली. पान्हा दाटून छाती दगडासारखी झालेली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कळप हलवावा लागला. शेताच्या मालकाला नांगर घालायचा होता.

पुढं शिवहार झाला, तो जगला, वाढला. पण दरसाल कळप त्या टेकाडाशी आला की सटवाजी म्हणायचा, "पुढं व्हा, मी आलोच." ती मेंढ्या घेऊन पुढं व्हायची. तो घटकाभरानं मागून येऊन मिळायचा. कुठं गेला होता ते त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती, आणि गरजही वाटली नाही. एकाला ठाऊक आहे, तेवढं पुरे होतं.

या उन्हाळ्यापासून सटवाजी विसरू लागला. आधी वस्तू, मग गावांची नावं. गेल्या महिन्यात त्यानं शिवकन्येकडं बोट करून विचारलं, "ही पोरगी कोनाची?" त्या दिवसापासून बनाबाईच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. माणूस जाईल तेव्हा जाईल. पण त्याच्या आधीच ती जागा जाऊन राहिली होती.

"माय," कुलदीप हळूच म्हणाला, "हे शोधून देत नसतं. आधी आपण तिथं जाऊन उभं राहायचं, मग याला सांगायचं की हे ठिकाण. त्याच्यानंतर हे कधीबी तुम्हाला तिथं नेईल."

"म्हंजे आपल्याला आधीच ठावं पाहिजे."

"व्हय."

"मंग याला काय येतं?"

कुलदीपनं जरा विचार केला. "विसरता येत नाही याला."

बनाबाईनं मान हलवली. "बराबर. तेच पाहिजे."

कुलदीपनं तिला मागच्या मोकळ्या जागेत नेलं. लिंबाच्या बुडाशी उभं करून एक बटण दाबून धरायला लावलं. टुक वाजलं. मग तिला फाटकापर्यंत चालवलं आणि काचेवरच्या बाणाच्या मागं परत यायला सांगितलं. बाण वळेल तशी ती वळत आली. यंत्र म्हणालं पोचलात. लिंब अजून तीन पावलांवर होता.

"एवढा फरक राहतोच," कुलदीप म्हणाला. "मोठ्या मशीनचा राहत नाही, पण ते तुम्हाला उचलायचं नाही."

"तीन पावलं," बनाबाई म्हणाली. "लेकरू तर हातभर व्हतं."

रस्त्यावरून हळदीची पोती भरलेला ट्रक गेला. तिनं यंत्र कमरेच्या पिशवीत टाकलं, दोन शेळ्या विकून आणलेले पैसे काढून दिले आणि म्हणाली, "चालंल. तीन पावलांत तर हाय ना."

चार दिवसांनी शिवहारनं जीप केली. सटवाजीला पुढं बसवलं. डोंगरकड्याच्या पुढं टेकाडाजवळ गाडी थांबवून शिवहारनं विचारलं, "आबा, इथून कोनीकडं?" सटवाजीनं डांबरी रस्ता पाहिला, विजेचे खांब पाहिले, केळीच्या बागा पाहिल्या. त्याच्या डोळ्यांत काहीच उमटलं नाही. "हे गाव माझं न्हाई," तो म्हणाला. "मला घरी ने."

दुसऱ्यांदा नेलं, तेव्हा तो जीपमधून उतरलाच नाही.

त्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या बनाबाईच्या ध्यानात आलं. जन्मभरात हा माणूस तिथं गाडीनं कधी गेलाच नव्हता. जागा त्याच्या डोक्यात नव्हतीच, ती पायांत होती.

"शिवहार," ती म्हणाली, "दहा मेंढ्या काढ. टेकाडाच्या आदल्या मुक्कामापून चालू. त्याहिला मागं चालू दे."

"माय, चार कोस हाय. आबाला झेपंल का?"

"तुला झेपत न्हाई म्हन की."

पहाटे निघाले. सटवाजीच्या खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी दिली, तसा तो ताठ झाला. मेंढ्या पुढं हलल्या आणि त्याच्या तोंडून आपसूक हाक निघाली, "हिर्र, हिर्र." तीन महिन्यांत बनाबाईनं तो आवाज ऐकला नव्हता. शेताच्या बांधांनी, नाल्यातून, बागांच्या कुंपणाला वळसा घालून म्हातारा बिनचूक चालत होता. कुठंही थांबून त्यानं वाट विचारली नाही. शिवकन्या मागून पाणी घेऊन येत होती. शिवहार म्हणाला, "आबा चांगलाच झाला की गं, माय!" बनाबाईची मूठ पिशवीतल्या यंत्रावर होती.

ऊन चढलं, टेकाड आलं. सटवाजी थांबला. कुणाकडंही न बघता म्हणाला, "पुढं व्हा, मी आलोच."

या वेळी बनाबाई पुढं झाली नाही. ती त्याच्या मागं दहा पावलं गेली. पाचोळा वाजला तसा तो गर्रकन वळला.

"तू काहून आली?"

"मी बी येते."

"बाईमानसानं येऊ न्हाई तिथं!" त्यानं काठी आपटली. त्याचा आवाज पूर्वीचा होता, तरणा आणि कडक. "मागं फिर म्हनलं ना!"

तिला त्याच्याशी भांडता आलं असतं. पण भांडणात हा दोरा तुटला तर पुन्हा सापडणार नव्हता. तिनं यंत्र त्याच्या हातात ठेवलं, त्याचा अंगठा बटणावर बसवला. "बरं. मी न्हाई येत. पन तिथं पोचलात की हे दाबून धरा. टुक वाजंल. एवढं करा माझ्यासाठी."

"टुक वाजंल," तो म्हणाला आणि टेकाडापल्याड गेला.

ती तिथंच खाली बसली. मेंढ्या वाळलं गवत कुरतडत राहिल्या. सटवाजी नेहमी घटकाभरात यायचा. या वेळी दोन तास झाले. शिवहार दोनदा उठला, दोनदा तिनं त्याला खाली बसवलं.

तो आला तेव्हा घामानं निथळत होता. गुडघ्यापर्यंत धोतर कुसळांनी भरलेलं, पण चेहरा उजळलेला. "सापडलं," तो म्हणाला आणि यंत्र बनाबाईच्या पदरात टाकलं.

शिवकन्येनं बटणं दाबून काच पाहिली. पाहतच राहिली.

"काय झालं गं?"

"आज्जी... सात हायत."

"काय सात?"

"ठिकानं. सात जागी दाबलंय आबानं. एक टेकाडाच्या पार तिकडल्या अंगाला हाय, दोन नाल्यापाशी, एक तर इथं मागंच..." तिनं परत एकदा बटण दाबून पाहिलं. "कोनतं खरं, कोनतं खोटं, कसं कळायचं? खोटी पुसून टाकता येत्यात, पन..."

बनाबाईनं यंत्र तिच्या हातातून घेतलं. काचेवर सात ठिपके होते, पांगलेल्या मेंढ्यांसारखे. तिला ते वाचता येत नव्हते, पण मोजता आले.

"पुसू नको," ती म्हणाली. "समदे ठिव."

सटवाजी बाभळीच्या सावलीत बसून घटाघटा पाणी प्याला. बनाबाई त्याच्यापुढं बसली, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि धोतरातली कुसळं उपटू लागली. तो तिच्याकडं बराच वेळ पाहत होता.

"व्हय गं," त्यानं विचारलं, "काय ठिवलं व्हतं आपन तिथं?"

तिचा हात थांबला नाही.

"काई न्हाई," ती म्हणाली. "आपलंच व्हतं थोडं."

त्यानं समाधानानं मान हलवली. कुसळं पुष्कळ होती, टोकं पार कातडीपर्यंत रुतलेली. ती एकेक धरून, त्याला दुखणार नाही अशी, सरळ ओढून काढत राहिली.