विनिफ्रेडचा हट्टी वेल

मी एक जुना हॉपचा वेल आहे, मित्रांनो. इंग्लंडातल्या केंट परगण्याच्या चिकण मातीत माझी मुळं चार पिढ्या रुजलेली आहेत. माझी हिरवी फुलं बिअरमध्ये पडली की तिला कडवटपणा आणि मंद सुवास येतो. हॉगबेन घराण्याने मला वाढवलं. त्या घरातल्या विनिफ्रेडवर माझा सर्वांत जास्त जीव होता.

दर वसंतात ती माझे कोवळे फुटवे दोरीवर चढवायची. आम्ही हॉप घड्याळाच्या काट्यांच्याच दिशेने चढतो. एखादी नवखी बाई उलटा पीळ द्यायची आणि सकाळी मी सुटून मातीत लोळत असायचो. मग विनिफ्रेड तिला म्हणायची, "अगं, हा म्हातारा हट्टी आहे. त्याच्या कलाने घे." सप्टेंबरात लंडनहून बायका-पोरं तोडणीला येत. वाळवणीच्या भट्टीच्या माडीवर माझी फुलं वाळत आणि गावभर माझा वास दरवळे. तेव्हा माझा तोरा काय सांगू!

पुढे घरच्यांनी माझ्या शेजारच्या वाफ्यात हॉपची नवी जात लावली. तिला संत्र्यासारखा वास आणि पीक दुप्पट. मला उपटायचं घरात बोलणं निघालं, तेव्हा विनिफ्रेडने सर्वांना बजावलं, "मी आहे तोवर त्याला हात लावायचा नाही." त्या शब्दावर मी निर्धास्त होतो.

यंदा बिअर कारखान्याचे टॅपसेलसाहेब शेतावर आले. यापुढे एकच जात घेऊ, म्हणाले. कोणती ते विनिफ्रेडच्या नाकाने ठरवावं. तिने माझी फुलं तळहातांत चोळली, ओंजळीत नाक खुपसलं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलो.

"यात आता काही दम उरला नाही," ती म्हणाली. "नुसता ओल्या पाल्याचा वास. ती दुसरी घ्या."

साहेबांची गाडी गेल्यावर ती बांधावर एकटीच उभी राहिली आणि तेच तळहात पुन्हा पुन्हा हुंगत राहिली. माझा वास अजून तसाच आहे हे तिला कळत होतं, म्हणून मला जास्तच लागलं.

आता माझी मुळं उकरायला यंत्र येणार आहे. दुप्पट पिकाचा मोह मलाही कळतो. तिने तसं सरळ सांगितलं असतं, तर मी मुकाट्याने गेलो असतो. मित्रांनो, जुन्याला निरोप द्यायची वेळ आली तर खुशाल द्या. पण त्याला घालवता यावं म्हणून त्याला नावं ठेवू नका.