नववं गाणं आणि गुड्डीची झोप

आमच्या मागच्या खोलीत स्टुडिओ झाला, तेव्हा मला वाटलं होतं की आता दिवसभर ढमढम चालणार. झालं उलटंच. भिंतीपलीकडून ढमढम कधी आलीच नाही. नुसते शब्द यायचे, कोरडे, कुणी फोनवर भांडत असल्यासारखे.

माझा दीर मनिष, त्याचा मित्र कमलेश आणि सिहोऱ्याची राखी, अशा तिघांचा हा हिपहॉप ग्रुप. नाव ‘सेकंड शिफ्ट’. पहिल्या अल्बमची नऊ गाणी, त्यातली आठ झाली होती. उरलं ते राखीचं. आणि राखी सोमवारी पुण्याला कंपनीत रुजू होणार होती, दिवाळीपर्यंत परत यायची नव्हती. हाताशी उरली होती फक्त शनिवारची दुपार.

स्टुडिओ म्हणजे काय, तर चारी भिंतींना टांगलेल्या दुलया आणि गोधड्या, मधोमध माइक, आणि स्टुलावर लॅपटॉप. मे महिन्यात, आमच्या चिखला गावच्या उन्हात! आत गेलेला माणूस आंघोळ करून आल्यासारखा बाहेर यायचा. कूलर सुरू ठेवता येत नव्हता, माइक त्याची घरघर पकडायचा. आणि रस्त्यावरचे ट्रक गप्प असायचे ते फक्त दुपारी एक ते तीन.

नेमकी तीच गुड्डीची झोप. माझी गुड्डी सात महिन्यांची, पण अजून सहा किलोलाही पोचली नव्हती. तुमसरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पोटभर पाजा आणि झोप मोडू नका. पाजणं माझ्या हातात पुरतं नव्हतं, ती दोन घोट घेऊन तोंड फिरवायची. झोप तेवढी माझ्या हातात होती. म्हणून मी मागच्या खोलीच्या दारावर पुठ्ठा लावला होता : ‘गुड्डी झोपली आहे. हळू.’

त्यांची गाणी सुरू झाली की मी कूलर बंद करून पुढच्या खोलीत हातपंख्यानं तिला वारा घालत बसायची. बसल्या बसल्या आठही गाणी मला पाठ झाली, पण ती गाण्यासारखी कशी वाटतात तेच कळेना. कॉलेजात प्रयोगशाळेत ध्वनीची नळी पाण्यात वरखाली करताना एका जागी आवाज अचानक मोठा व्हायचा, तसं काहीतरी त्यांच्या कानात होत असणार, असं मला वाटायचं.

“भाऊजी, तुमच्या कानात काय वाजते हो?” मी एकदा विचारलं होतं.

“बीट वाजते वहिनी. तुमाले ऐकू आली तं माइकले बी येईन, मंग गाणं गेलं.”

त्या शनिवारी राखीची एकच ओळ चौदा वेळा झाली. तिच्या गाण्यात तिची आई रत्नाबाई आहे. रोवणीच्या वेळी चिखलात उभी राहून ती लांबच्या बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, माणसाला भाताची रोपं मागते : ‘पऱ्हे आणा वोऽऽ!’ पूर्ण गाणं त्या हाकेवर उभं आहे, असं मनिष म्हणायचा. आणि तीच जमत नव्हती.

“माइकच बेकार हाय,” कमलेशचा आवाज आला.

“कालपर्यंत चांगला होता ना बे!” मनिष.

“मंग हिचा गळा बसला.”

“तुहाच बसला असन,” राखी म्हणाली. पण तेही हळूच.

मला राहवलं नाही. गुड्डीभोवती उशा लावल्या आणि दार लोटून आत गेले. “मले ऐकवा बरं.”

मनिषनं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. आणि पहिल्यांदा मला ते सगळं ऐकू आलं. खालून काहीतरी जड चालत होतं, त्यावर राखीचे शब्द पाय टाकत येत होते. मी खुळ्यासारखी हसले. मग ती हाक आली. सूर बरोबर, शब्द बरोबर. पण शेतातल्या बाईची हाक नव्हती ती. झोपलेल्या लेकराच्या उशाशी कुणी बोलावं, तशी होती. तो आवाज मी ओळखला. सात महिने मी याच आवाजात बोलत होते, नवऱ्याशी, दूधवाल्याशी, फोनवर आईशी.

“राखी, तू गुड्डीले भिऊन राहिली का?”

तिनं दाराकडं पाहिलं. “तुमीच तं लिवून ठेवलं ना वहिनी.”

“ओरड. उठली तं उठली.”

पंधरावी वेळ. डोळे दारावर, आवाज तसाच दबका.

मी बाहेर आले. गुड्डीच्या नाकावर घामाचे थेंब होते, मूठ अर्धी उघडी. मी कधीच तिला मुद्दाम उठवलं नव्हतं. काय होईल? रडेल, दिवसभर किरकिर करेल, रात्री पिणार नाही. बुधवारी वजन करताना काटा पुन्हा तिथंच असेल. मग तिला उचललं, गालावर फुंकर मारली. तिनं एक डोळा उघडला, आणि भोंगा सुरू केला.

“हे पाय, उठली,” मी आत जाऊन म्हटलं. “आता कोणाची झोप मोडशीन?”

“वहिनी, रडणं येईन ना त्याच्यात!” कमलेश.

“तुमी दोघं बाहेर व्हा. मी पाजतो हिले.”

मनिषनं बटण दाबलं आणि दोघं पुढच्या खोलीत गेले. मी दुलईकडं तोंड करून बसले. गुड्डी हुंदके देत देत प्यायला लागली. राखीनं हेडफोन लावले. बराच वेळ मला फक्त तिचे शब्द ऐकू येत होते, मग तिनं श्वास घेतला.

“पऱ्हे आणा वोऽऽऽ!”

गुड्डी दचकली, तोंड सोडून राखीकडं बघत राहिली. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, रोवण्या करता करता म्हाताऱ्या झालेल्या शेजारच्या सुशीलाबाईंच्या घरातून, झोपेतलं आणि तेवढंच मोठं उत्तर आलं : “आणतो वोऽऽ!”

कमलेश धावत आत आला. “गेला टेक! बुडी मधातच ओरडली!”

त्याच्यामागून आलेल्या मनिषनं लॅपटॉपवर वाकून परत परत ऐकलं. गुड्डीनं तेवढ्यात पुन्हा तोंड लावलं होतं.

“काढून टाकू का?” त्यानं राखीला विचारलं.

“काहून?” राखीनं घाम पुसला. “बांधीत मायले बी उत्तर येतेच ना. राहू दे.”