रंग कोण सांगणार

रविवारी प्रार्थना संपल्यावर तामातोआने चर्चच्या हॉलमध्ये उभं राहून अख्ख्या गावासमोर जाहीर करून टाकलं, की शुक्रवारच्या मेजवानीत आमचं घराणं पाहुण्यांच्या खांद्यावर तिवाएवाए, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली चादर, घालणार. टाळ्या पडल्या. ती तिवाएवाए तीन वर्षं जिच्या ओसरीवर शिवली जात होती, ती त्याची धाकटी बहीण आकाईती त्या वेळी हॉलच्या मागे गावजेवणाची पातेली घासत होती. तिला बातमी कळली ती सोमवारी, दुकानात, पाव आणि दोऱ्याचं रीळ घेताना.

"धन्य आहे बाई तुझी," दुकानदारीण म्हणाली. "मुलीच्या लग्नासाठी शिवलेली चादर परक्याला द्यायची म्हणजे काय खायचं काम आहे?"

आकाईतीने पाव तिथेच ठेवला, रीळ मुठीत धरलं आणि उन्हातून तरातरा घरी आली.

तामातोआ ओसरीवर आरामखुर्चीत बसला होता. ऑकलंडला तो घरं बांधणाऱ्या एका माणसाकडे मुकादम होता, आणि तो मालक बायकोसह गुरुवारच्या विमानाने आतिऊ बेट बघायला येणार होता. तेवढ्यासाठी हा आठ दिवस आधी येऊन बहिणीकडे उतरला होता.

"आलीस? पाव कुठाय?"

"दादा, चादर कुणाची?"

"कुठली?"

"आत चार तुकडे घडी घालून ठेवलेत ती. मोएरोआची."

"अगं हो, ती! सांगायचंच राहिलं बघ." तो हसला. लहानपणी तिच्या वाटणीचं केळं खाऊन हसायचा, अगदी तसाच. "मालकाला काहीतरी भारी द्यायला हवं ना. घराण्याचं नाव राहतं. मोएरोआला दुसरी शिव की. तू घरीच तर असतेस."

घरीच तर असतेस. आकाईतीच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. पहाटे डुकरांना खायला घालायचं, नवऱ्याच्या डब्यात तारोचे गड्डे उकडून द्यायचे, नातवाची शाळेची चड्डी उसवली तर आंघोळ होईतो ती हाताच्या मशीनवर घालून परत द्यायची, चर्चच्या गायनमंडळाच्या सोळा पांढऱ्या झग्यांना बटणं लावायची, कुणाची टोपी, कुणाचा पडदा, आणि एवढं सगळं झाल्यावर दुपारी जो तास उरेल त्यात अंगठ्याच्या नखाएवढे चौकोन एकमेकांना जोडायचे. तीन वर्षं. म्हणे घरीच तर असतेस.

"ती मी दिलेली नाही," ती म्हणाली.

"मी दिलीय. गावासमोर. थोरला मी आहे." त्याचं हसू जरा आखडलं. "आता नाही म्हटलं तर तोंड कुणाचं काळं होईल? दोन दिवस बायका बसव आणि संपव."

तिचा नवरा तेरेई दारात उभा राहून ऐकत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"भावाबहिणीत मी पडत नाही बुवा," तो म्हणाला, आणि घाईघाईने डुकरांकडे गेला. डुकरं जेवून झोपली होती.

चादर संपायला नऊ ओळी उरल्या होत्या. चार बायका चार त्रिकोण एकाच वेळी शिवत. प्रत्येकीच्या मांडीवर लाल, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या चौकोनांच्या चळती आणि समोर रंग सांगणारी. ती म्हणाली "लाल", की चौघींनी लाल जोडायचा. ती म्हणाली "लाल, लाल, पांढरा", की तसंच. का, कशाला, हे विचारायचं नाही. मध्ये विचारणारी स्वतःही चुकते आणि तिघींनाही चुकवते, म्हणून हा नियम पार आजीच्या आजीपासूनचा. शेवटी चार त्रिकोण जोडले की मधोमध फूल उमलतं. या फुलाचा क्रम आकाईतीच्या आईचा. तो कागदावर कधी कुणी लिहिला नव्हता. त्या फुलाची एकच चादर आईने केली होती आणि सहा वर्षांपूर्वी तीच पांघरून ती मातीत गेली. आता तो क्रम होता फक्त आकाईतीच्या डोक्यात.

बुधवारी सकाळी चौघी आल्या. पोको, मेरेआना, ईना, आणि सगळ्यांत म्हातारी तुताई मावशी. मावशीला कमी दिसायचं, पण बोटांना सगळं दिसायचं. चटईवर गोल करून बसल्या, चळती मांडल्या, सुया ओवल्या आणि आकाईतीकडे पाहत राहिल्या.

आकाईती रंग सांगायच्या जागी बसली होती. मांडीवर गायनमंडळाचा झगा होता. ती बटण लावू लागली.

"घसा बसलाय का?" पोकोने विचारलं.

"नाही."

"मग सांग की."

"ही चादर ज्याने देऊन टाकलीय, तो सांगेल."

मेरेआनाने सुई खाली ठेवली. तुताई मावशीच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

तामातोआ आतून कॉफीचा कप घेऊन आला. "काय, सुरुवात नाही?"

"रंग सांगायला कुणी नाही, बाबा," मावशी म्हणाली. "आम्ही काय, मजूर माणसं. मुकादमाशिवाय आमचा हात चालत नाही."

त्याने बहिणीकडे पाहिलं. ती दोरा दाताने तोडत होती.

"आकाईती, पोरखेळ पुरे."

तिने सुईत पुन्हा दोरा ओवला.

"लोक काय म्हणतील याचा तरी विचार कर."

झग्याचं पुढचं बटण तिने इतकं घट्ट ओढलं की कापडाला चुणी पडली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही." त्याने खिशातून फोन काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि ओरडला, "हे बघ! आईची चादर. सगळी दिसतेय."

तो आईच्या अंत्यविधीचा फोटो होता. आकाईतीच्या जागेवरून फोनच्या पडद्याचा कोपरा दिसत होता, आणि त्या कोपऱ्यात आईची हनुवटी. त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं तशी हनुवटी बाहेर सरकली आणि चौकोन आले. तिला वाटलं, उठावं आणि तो फोन विहिरीत टाकावा, पाठोपाठ त्यालाही. तिने झगा मुठीत धरला. सुई बोटात गेली तेही तिला कळलं नाही, पांढऱ्या कापडावर ठिपका उमटला तेव्हा कळलं.

तामातोआ खुर्ची ओढून समोर बसला. "चला. लाल, लाल, पिवळा…"

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि सुया चालू झाल्या.

चादर आईच्या अंगावर पांघरलेली होती, त्यामुळे छातीपाशी तिला मोठी घडी पडली होती. घडीत तीन ओळी गडप झाल्या होत्या. फोटो संध्याकाळचा, त्यामुळे पिवळं लाल दिसत होतं आणि पांढरं पिवळं. यातलं तामातोआला काहीच माहीत नव्हतं. चौघींना क्रम पाठ नव्हता, पण ती घडी आणि खरे रंग माहीत होते. आईसोबत बसून त्यांनीच ती शिवली होती. तो "लाल" म्हणाला की पोको मोठ्याने "लाल!" म्हणे आणि जिथे पिवळा हवा तिथे लाल घट्ट बसवे. दोनदा ईनाचा हात थबकला. मावशीने कोपराने ढोसलं.

"सांगेल तो रंग," मावशी पुटपुटली. "आपण नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हे."

आकाईती बघत राहिली. ते हसण्यासारखं होतं, हे तिला कळत होतं. हसू मात्र येत नव्हतं. प्रत्येक चुकीचा टाका तिच्या पोरीच्या चादरीत पडत होता. एक शब्द बोलली असती तर थांबला असता. तिने ओठ आवळून धरले. डोळ्यांत पाणी आलं तेही रागाचंच.

दुपारी मोएरोआ सगळ्यांसाठी नारळाच्या दुधातली तारोची पानं घेऊन आली. तिने त्रिकोण पाहिले, आईकडे पाहिलं, टोपलं धाडकन ठेवलं आणि मामाला ताट न वाढता निघून गेली.

चार वाजता तामातोआ उठला. "झालं! म्हणे वर्षं लागतात. मांडा बघू."

त्यांनी चारही त्रिकोण चटईवर टोकाला टोक लावून मांडले.

मधोमध फूल नव्हतं. देठ एकीकडे तुटला होता, पाकळ्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या आणि मध्ये लाल लाल काहीतरी पसरलं होतं, कोंबडी कापल्यासारखं.

तो हळूच म्हणाला, "तुम्हाला दिसत होतं."

"मला नाही दिसत," तुताई मावशी म्हणाली. "मोतीबिंदू आहे."

"पोको?"

"तू सांगितलंस, आम्ही शिवलं. घाल की मालकाच्या खांद्यावर. गावाने विचारलं रंग कुणी सांगितले, तर आम्ही खोटं बोलणार नाही हं."

तो आकाईतीकडे वळला. "तू नीट कर. तुला येतं."

"उसव," ती म्हणाली. दिवसभरात त्याच्याशी बोललेला हा तिचा पहिला शब्द.

"मी?"

"ज्याने सांगितलं त्याने उसवायचं." तिने छोटी कात्री त्याच्या पुढ्यात टाकली. "एकेक टाका. चौकोन फाटला तर तसलं कापड आता मिळत नाही, आईच्या झग्यांचं आहे."

तो बसला. खुर्चीवर नाही, चटईवर. विटा-सिमेंटची सवय असलेली ती बोटं टाक्यात कात्रीचं टोक घालायला बघत होती आणि टाका सापडत नव्हता.

"मोएरोआसाठी आहे, हे खरंच माझ्या डोक्यात आलं नाही गं," तो खाली बघत म्हणाला.

"आलं होतं. दुसरी शिव म्हणालास, म्हणजे आलं होतं." तिचा आवाज चढला. दिवसभराचं सगळं एकदम वर आलं. "मला विचारलं असतंस तर कदाचित मीच टोप्या विणून दिल्या असत्या, चार, पाच, तुझ्या मालकाच्या अख्ख्या खानदानाला! विचारलं नाहीस. माझे हात तुझ्या घरच्या भिंतीवरचे खिळे आहेत का, काही अडकवावं आणि निघून जावं? उसवून झालं की शुक्रवारी हॉलमध्ये उभा राहा आणि सांग."

"काय सांगू?"

"चादर माझी नाही, बहिणीची आहे, आणि तिने दिलेली नाही."

"मालकासमोर? गावासमोर?"

"टाळ्या कुणासमोर घेतल्या होत्यास?"

तो गुरुवारी विमानतळावर जाईपर्यंत उसवत होता आणि परत आल्यावरही. सात चौकोन फाटले. आकाईतीने ते मोजले आणि त्याच्या हातात ठेवले.

शुक्रवारी तो हॉलमध्ये उभा राहिला आणि पुटपुटला.

"ऐकू आलं नाही!" तुताई मावशी मागून ओरडली.

त्याने परत सांगितलं, मोठ्याने. मान लाल झाली होती. पाहुण्यांना फुलांच्या माळा मिळाल्या आणि टोपलीभर तारो. मालकाची बायको खूश दिसली. तिला कुणी काही समजावलं नाही.

आकाईतीला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही. रविवारी त्याला विमानावर सोडायला ती गेली, गाल पुढे केला, आणि परतताना वाटभर तेरेईला टाकून बोलली, डुकरांवरून.

मंगळवारी चौघी पुन्हा ओसरीवर बसल्या. फाटलेल्या सात चौकोनांच्या जागी तिने स्वतःचा एक जुना झगा कापला होता. सुया ओवून झाल्या. आकाईतीने घसा साफ केला.

"पांढरा. पांढरा. पिवळा!"

पोकोने मान वर केली. "बाई गं, रंग सांगतेयस की शिव्या देतेयस?"

"दोन्ही," आकाईती म्हणाली. "शिव."