करंगळीला पत्ताच नव्हता

जळका वास आला तेव्हा ताईला वाटलं, तारच करपली. श्रवणयंत्रं दुरुस्त करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. असे वास तिला नवे नव्हते. तिने भिंगातून पाहिलं. तार धड होती. सोल्डरिंगचं तापलेलं टोक टेकलं होतं ते तिच्याच डाव्या करंगळीला, आणि करंगळीला त्याचा पत्ताच नव्हता.

कातडी पांढरी पडली होती, फोड धरत होता, पण दुखणं औषधालाही नव्हतं.

दोन महिने त्या बोटाला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत होत्या. जातील आपोआप, म्हणून तिने काणाडोळा केला होता. आता बाबा डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांचा पेला सुटला तोही डाव्याच हातातून. आठवड्याभरात अर्धं अंग गेलं आणि पुढची सहा वर्षं ताईने त्यांना घास भरवले. तिला कोण भरवणार होतं?

घरी तिने किरकोळ चटका म्हणून वेळ मारून नेली. पण आरशापुढे उभी राहून दहा वेळा हसून पाहिलं, तोंड वाकडं होतंय का. धाकट्या भावाची बायको हे सगळं बघत होती. चौथ्या दिवशी ताईला साधं बटण लावता येईना, तेव्हा वहिनीने ते लावून दिलं आणि विचारलं, "ताई, खरं सांगा. हाताला काय झालंय?"

ताईचा बांध फुटला. वहिनी तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला कामाला बसते तसं बसायला सांगितलं. मान पुढे, खांदे कानाला टेकलेले, डावं कोपर टेबलाच्या कडेवर रोवलेलं. रोजचे नऊ तास. बाईंनी कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली, तशी करंगळीपर्यंत वीज गेली.

"हा अर्धांगवायू नाही," त्या म्हणाल्या. "बोटांची नस इथून, हाडामागून जाते. तुम्ही तिला रोज नऊ तास चिरडताय."

ताईने सुटकेचा निःश्वास टाकला, पण तो पुरता सुटला नाही. हाताचा स्नायू वाळायला लागला होता. उशीर केलात, बाई म्हणाल्या. किती परत येईल, ते सांगता येणार नाही.

टेबल उंच झालं, यंत्र धरायला चिमटा आला, कोपराखाली उशी आली, अर्ध्या तासाला उठणं आलं. सहाव्या आठवड्यात शेजारचं बोट जागं झालं. करंगळी नाही. शस्त्रक्रिया करायची का, ते पुढच्या महिन्यात ठरेल.

भीती वाटते का, असं वहिनीने विचारलं.

"वाटते की," ताई म्हणाली. "पण आता तुला सांगून घाबरते."